तीन आखूड शिट्ट्या

केसरीनाथ तरे निवृत्त झाला त्या दिवशी आमच्या ठाण्यात ना नारळ, ना शाल, ना फोटो. चौतीस वर्षं नोकरी केलेला सहायक फौजदार संध्याकाळी पाच वाजता स्टोअरमध्ये बेल्ट, काठी आणि शिट्टी जमा करून, पावती खिशात घालून, डबा हातात घेऊन चालत गेटबाहेर पडला. आमच्याकडे एक रिवाज आहे. पोरांचा आवडता माणूस निवृत्त झाला की त्याला जीपमध्ये बसवायचं आणि पुढे दोर बांधून सगळ्यांनी मिळून ती जीप गेटपर्यंत ओढत न्यायची. केसरीसाठी पोरांनी बंदोबस्ताचा जाड दोर धुऊन गच्चीवर वाळतसुद्धा घातला होता. पण त्याच्यावर खात्याला खोटा जबाब दिल्याचा ठपका होता, आणि ठपका असलेल्या माणसाचा समारंभ करायचा नसतो. दोर गच्चीवरच राहिला.

तो खोटा जबाब मी टाइप केला. मी हरी कर्णिक, हवालदार, पण मला काठी हातात धरून बारा वर्षं झाली. मी रायटर. साहेब लोक बोलतात, मी लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या हेच. आजोबा कोर्टात कारकून, वडील नगरपालिकेत कारकून, मी छाती फुगवून पोलिसात भरती झालो आणि शेवटी खुर्चीतच येऊन बसलो. भिवंडीत लोक म्हणतात, कर्णिकाच्या पोटात गोष्ट राहते. राहते हो! राहून राहून कुजते, ते कुणी विचारत नाही. म्हणून आज एकदाचं सांगून टाकतो.

केसरी काल्हेरचा. काल्हेर म्हटलं की आता गोदामं, ट्रेलर आणि नव्या टॉवरच्या जाहिराती, पण त्याच्या लहानपणी तिथे भाताची खाचरं होती आणि मागे खाडी. बाप खाडीत जाळं लावायचा. जमिनींवर गोदामं उठली तेव्हा त्याचे दोन्ही भाऊ भाड्यावर बसले. पांढरे कपडे, पांढरी गाडी, गळ्यात जाड साखळी. हा एकटा पोलीस भरतीच्या रांगेत उभा राहिला. जानकीबाई, म्हणजे आमच्या वहिनी, अजून त्यावरून त्याला सोडत नाहीत. मी घरी गेलो की माझ्या देखत सुरू करतात, "भाव गादीवर बसून खातान, आन आमचं मानूस उन्हान उभं. कुनी सांगितलंय?" केसरी शांतपणे म्हणतो, "भाडं खायला काय अक्कल लागते?" मग दोघं हसतात. असं मी वीस वर्षं ऐकतोय.

त्याची हातोटी होती गर्दीची. काठी चालवणारे पुष्कळ असतात, गर्दीपुढे दोर धरून उभं राहायला शिकवणारा एखादाच. सणांच्या आधी आमची रंगीत तालीम असते. शेलार गावाकडच्या मोकळ्या मैदानात निम्मे पोलीस दोर धरतात आणि निम्मे गर्दी होऊन अंगावर येतात. केसरी मधोमध उभा राहायचा, तोंडात शिट्टी. पोरं त्याला उस्ताद म्हणायची. माणसं कमी पडली की तो मलाही खुर्चीतून उठवून न्यायचा. "कर्णिक, तुझ्या हातात जोर नाही, तू पोटानं ढकल." आणि सगळं मैदान खदाखदा हसायचं. पलीकडच्या भिंतीवर पॉवरलूमची शिफ्ट सुटलेले कामगार बसलेले असायचे. ते आणखी वर म्हणायचे, "देखो, पुलिसवाले रस्सीखेच खेल रहे हैं." मला संताप यायचा. केसरीला काही वाटायचं नाही.

त्याचे नियम ठरलेले. दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही, नुसता मुठीत धरायचा. हे त्याच्या बापाचं. जाळ्याचा दोर हाताला गुंडाळलेला असताना भरतीचा हिसका बसला आणि बापाची दोन बोटं गेली होती. दुसरं, गर्दीची तोंडं बघायची नाहीत, पाय बघायचे. "तोंड उगीच पण वराडतं. पाय खोटं बोलत न्हाय," असं तो त्याच्या काल्हेरी मराठीत सांगायचा. पाय जमिनीवर आहेत तोवर गर्दी आहे. पाय उचलले गेले की माणसं मरायला लागलीत असं समजायचं. आणि तिसरं, दोर सोडायचा तो तीन आखूड शिट्ट्यांवर, टोकाकडून, म्हणजे गर्दी एका बाजूनं निघून जाते. शिट्टी वाजली नाही तर आभाळ कोसळलं तरी सोडायचा नाही.

हे अंगात भिनावं म्हणून तो पोरांना फसवायचा. मध्येच स्वतःच ओरडायचा, "सोडा!" कधी इन्स्पेक्टर साहेबांना ओरडायला लावायचा. ज्यानं सोडला त्याला मैदानाला चार फेऱ्या. आणि तालीम संपली की एकेकाला विचारायचा, "किती शिट्ट्या ऐकल्या?" त्यानं दोनच वाजवलेल्या असायच्या. उस्तादला खूश करायला कुणी "तीन" म्हणालं की गेला तो कामातून, आठ फेऱ्या. "ऐकली नसेल तर ऐकली म्हणायचं न्हाय. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच न्हाय." हे वाक्य आमच्या ठाण्यात भिंतींनासुद्धा पाठ होतं.

तो स्वतः तसाच होता, हे सांगायला हवं. एकदा काल्हेरच्या नाक्यावर ट्रेलर आडवा झाला आणि केसरी ड्युटीवर सात मिनिटं उशिरा आला. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. यानं स्टेशन डायरी ओढली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, स. फौ. तरे सात मिनिटं उशिरा हजर. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अरे शहाण्या, तुला कुणी विचारलं होतं का? तो म्हणाला, "डायरी विचारते."

मनाली भोईर आमच्याकडे आली ती पडघ्याहून, ट्रेनिंग संपवून, नवी कोरी. बारीक चणीची, कमी बोलणारी. वडील नव्हते, आई शाळेत खिचडी शिजवायची, आणि घरात वर्दी चढवलेलं पहिलं माणूस ही. पहिल्याच तालमीला केसरी "सोडा!" म्हणून ओरडला आणि हिनं दोर सोडला. चार फेऱ्या मारल्या, रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मुठीतून दोर सुटला नाही. केसरीनं तिला टोकावर उभं करायला सुरुवात केली. टोकावर तो फक्त भरवशाचं माणूस ठेवायचा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत काल्हेरच्या गोदामांकडे एका कंपनीनं थेट भरती लावली. सकाळी यायचं, मुलाखत द्यायची, कामाला लागायचं. पाचशे लोक येतील असं पत्रात लिहिलं होतं. आले चार-साडेचार हजार. गल्ली अरुंद, एका बाजूला गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला लावून ठेवलेले कंटेनर. गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथे आमच्या बाराजणांनी दोर धरला होता, त्यांच्यात डाव्या टोकाला मनाली, आणि मधोमध शिट्टी घेऊन केसरी. आणि नेमका त्याच वेळी त्याच रस्त्यावरून एका मोठ्या पाहुण्यांचा ताफा जायचा होता. वायरलेसवर हुकूम आला, ताफा पास होईपर्यंत दोर सोडायचा नाही.

तेवढ्यात गर्दीत मागे कुणीतरी आवई उठवली की फक्त पहिल्या दोनशेंनाच घेणार आणि दुसरं गेट रस्त्याच्या बाजूला आहे. झालं! मागचे पुढे लोटले. मी तिथे नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी केसरी माझ्या टेबलासमोर बसला आणि त्यानं मला सगळं सांगितलं, अगदी मिनिटामिनिटाचं.

"मी तीनदा कंट्रोलला विचारलं, कर्णिक. रेटा वाढला, सोडू का? तीनदा उत्तर आलं, थांबा."

"मग?"

"मग काय. थांबलो." तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. "शिट्टी तोंडात होती. छातीत हवा भरलेली. मला दिसत होते रे पाय. पुढच्या रांगेतल्या पोरींचे पाय जमिनीला लागत नव्हते. चौतीस वर्षं जे शिकवलं ते डोळ्यापुढे उभं, आणि मी चौथ्यांदा 'थांबा' ऐकायला कान लावून बसलो. शिट्टी वाजवली न्हाय मी. पोरीनं सोडला."

मनालीनं टोकावरून दोर सोडला आणि ओरडली, "इकडून! डावीकडून या!" जसं शिकवलं होतं तस्संच. गर्दी त्या बाजूनं मोकळी झाली, माणसं श्वास घ्यायला लागली. पुढच्या रांगेतल्या दोन मुली बेशुद्ध पडल्या होत्या, त्या शुद्धीवर आल्या. मेलं कुणीही नाही. पण डाव्या बाजूला दाजी वडेवाल्याची गाडी उभी होती. धावत्या लोकांनी ती उलटवली, उकळत्या तेलाची कढई दाजीच्या पायांवर पडली, दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले. आणि लोक रस्त्यावर आल्यामुळे पाहुण्यांचा ताफा अकरा मिनिटं उभा राहिला.

आता तुम्हीच सांगा, यातलं कागदावर काय येणार? दाजीचे पाय येणार, अकरा मिनिटं येणार. ज्या मुली मेल्या नाहीत त्यांचा पंचनामा कोण करतो? मला अजूनही तो विचार आला की डोक्यात तिडीक जाते.

प्राथमिक चौकशी लागली. प्रश्न एकच, हुकूम नसताना दोर कुणी सोडला? मनालीची दोन वर्षं पुरी व्हायला दोन महिने बाकी होते, ती अजून नोकरीत कायम झाली नव्हती. अशा माणसाला घरी पाठवायला एक कागद पुरतो. ठाण्यात सगळे कुजबुजत होते, पण चौकशी चालू असताना आपसात बोलू नये असा लेखी आदेश होता आणि केसरीची पोरं लेखी आदेश पाळणारी. बाराजण एकाच टेबलावर डबे उघडायचे आणि भाजी कुठली आहे एवढंच बोलायचे.

केसरी मला फक्त एकदा म्हणाला, "काढतील तिला?"

"हुकमाशिवाय सोडला असं ठरलं तर काढतील," मी म्हणालो.

"आणि हुकूम होता असं ठरलं तर?"

"तर ज्यानं हुकूम दिला त्याला धरतील. का?"

"काही न्हाय," तो म्हणाला आणि उठून गेला. मी मूर्ख, मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चौकशीला दुसऱ्या झोनचे एसीपी साहेब आले. चष्मा, हळू आवाज, वाईट माणूस नव्हता. माझ्याच खोलीत बसले, मी कॉम्प्युटरवर. सकाळी अकराला मनाली आत आली आणि कडक सॅल्यूट ठोकून उभी राहिली. साहेबांनी तिला बसवलं, पाणी दिलं. आणि मी माझ्या या कानांनी ऐकलं, साहेबांनी तिला सुटायची वाट करून दिली. म्हणाले, "गोंगाट खूप होता. तुम्हाला शिट्टी ऐकू आल्यासारखं वाटलं असेल. वाटलं ना?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. माझी बोटं की-बोर्डवर थांबली होती, मी मनात म्हणत होतो, पोरी, हो म्हण.

"नाही सर. शिट्टी वाजली नाही. मी माझ्या मनानं सोडला."

"का?"

"पाय जमिनीवर नव्हते सर. माझ्यासमोर पिवळ्या ओढणीची एक मुलगी होती, तिची चप्पल खाली पडलेली दिसत होती आणि पाय वर होते. तिचे ओठ निळे पडले होते."

"हुकमाची वाट का नाही पाहिली?"

"पाहिली सर. मी उस्तादांकडे बघितलं. ते वायरलेस कानाला लावून होते. मग मी वीस आकडे मोजले. मग सोडला."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "याचा परिणाम तुमच्या नोकरीवर होऊ शकतो, हे माहीत आहे?"

"हो सर." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "पण ऐकली नसेल तर ऐकली म्हणायचं नाही, असं आम्हाला शिकवलंय."

मी टाइप केलं. खाली नेहमीची ओळ घातली, वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. तिनं सही केली. 

दीड वाजता जेवायची सुट्टी. केसरीचा जबाब तीनला होता. तो माझी वाट बघत बाहेर उभा होता. आम्ही समोरच्या हॉटेलात मिसळ मागवली. त्यानं पावाला हात लावला नाही. मग हळूच म्हणाला, "पोरगी काय बोलली रे?"

"केसरी, मला सांगता येत नाही. तुला माहीत आहे."

त्याचं तोंड एवढंसं झालं. "हां. चुकलो. विचारायला नको होतं." आणि मला सॉरी म्हणाला. मला! मग पाण्याचा ग्लास फिरवत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "कर्णिक, मी शिट्टी वाजवली होती. तीन आखूड."

 तो तालीम करत होता, दुसरं काय. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायचं होतं, म्हणून आधी माझ्यावर बोलून बघत होता. आणि मला तर सकाळीच कळलं होतं की त्या खोट्याचा काही उपयोग नाही. वाजली नाही, हे तिनं सही करून दिलेलं. आता हा वाजली म्हणणार. दोघांच्या जबाबांची टक्कर होणार आणि फुटणार हा. मी नुसतं "नको" म्हणालो असतो तरी पुरे होतं. जबाब फुटला नसता, एक अक्षर सांगावं लागलं नसतं, नुसती मान हलवली असती तरी त्याला कळलं असतं.

माझ्या पोटात गोष्ट राहते ना! मी म्हणालो, "मिसळ गार होतेय."

तीनला केसरी आत आला. सॅल्यूट केला, बसला नाही. साहेबांनी विचारलं तसं त्यानं सांगितलं. रेटा वाढला, माणसांचे पाय उचललेले दिसले, कंट्रोलला तीनदा विचारलं, नकार आला, तरी मी माझ्या जबाबदारीवर तीन आखूड शिट्ट्या दिल्या. महिला शिपाई भोईर यांनी माझ्या हुकमाप्रमाणे दोर सोडला. त्यांचा काही दोष नाही.

साहेबांनी सकाळचा कागद पुढ्यात ओढला, वाचला, परत ठेवला. "तरे, शिट्टी नक्की वाजवलीत?"

"होय सर."

"पुन्हा विचारतो. घाई नाही."

"तीन आखूड, सर." त्याच्या मानेवरची शीर उडत होती. साला, खोटं बोलायलासुद्धा सराव लागतो, आणि त्याला तो अजिबात नव्हता.

"म्हणजे तुम्ही कंट्रोलचा हुकूम मोडलात."

"होय सर. जे व्हायचं ते माझं व्हावं."

मग मी वाचून दाखवायला लागलो. ते माझं काम. शिट्टीच्या ओळीवर आलो तेव्हा मी मुद्दाम थांबलो. मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा तीच ओळ वाचली. त्याला वाटलं मी अडखळलो. म्हणाला, "बरोबर आहे, वाच पुढे." शेवटी जबाबाची वेळ मी तीन चाळीस घातली होती. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सही करायच्या आधी मला म्हणाला, "तीन सत्तेचाळीस झालेत. वेळ दुरुस्त कर." मी दुरुस्त केली, नवीन प्रिंट काढली, आणि त्यानं आपल्या गोल गोल अक्षरात सही केली.

दुसऱ्या दिवशी उरलेले अकराजण आले. एकेक आत येई, सॅल्यूट ठोकी, आणि साहेब विचारत, शिट्टी ऐकली का? त्यांना काय ठाऊक उस्ताद काय बोलून बसलाय! आपसात बोलायला बंदी. केसरीला वाचवायचं म्हटलं असतं तर त्या अकरांपैकी एकेकानं शंभर शिट्ट्या ऐकल्या असत्या. पण त्यांना माहीतच नव्हतं. एकामागून एक, अकराच्या अकराजणांनी सांगितलं, "नाही सर. शिट्टी वाजली नाही." एकजण तर म्हणाला, वाजली असती तर मला ऐकू आलीच असती, उस्तादांची शिट्टी मी झोपेतसुद्धा ओळखतो. तोही त्याच्यावर माया होती म्हणूनच तसं म्हणाला. मी ते तसंच लिहिलं. त्या दिवशी संध्याकाळी माझी बोटं आखडली होती आणि मी बायकोवर उगाच ओरडलो.

एप्रिलमध्ये अहवाल आला. मनालीची नोकरी राहिली. सक्त ताकीद आणि कायम व्हायला सहा महिने पुढे, एवढंच. साहेबांनी लिहिलं होतं की तिचा निर्णय प्रसंग पाहून योग्य होता, आणि तिचं म्हणणं विश्वास ठेवण्यासारखं आहे, कारण ती स्वतःच्या विरुद्ध बोलली. म्हणजे तिला तिच्या खऱ्यानंच वाचवलं. केसरीच्या खोट्याची गरजच नव्हती. त्यानंही खरं सांगितलं असतं, वाजवली नाही, चुकलो, तर एक ताकीद मिळून नारळ-शाल घेऊन घरी गेला असता. आता ठपका आला तो दोर सोडल्याचा नाही, खोटं बोलल्याचा. विभागीय चौकशी निवृत्तीनंतरही चालूच राहील असं कळवलं. वायरलेसवर तीनदा "थांबा" म्हणणाऱ्यांचं काय झालं, विचारू नका. अहवालात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

जुलैमध्ये मी काल्हेरला त्याच्या घरी गेलो. धीरच होत नव्हता इतके दिवस. केसरी ओट्यावर बसून जुन्या जाळ्याचा गुंता सोडवत होता. वाळला होता. जानकीबाईंनी चहा आणला, आणि आज टोमणा मारला नाही. मला म्हणाल्या, "भावजी, यानी कवा खोटं बोलला नव्हता वं. एकदाच बोलला आन तेवढंच कागदावर ऱ्हायलं." आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

त्यानं विचारलं, "पोरगी काय म्हणते?"

"तालीम आता तीच घेते. एक नियम बदलून घेतलाय तिनं साहेबांकडून. पाय उचलले गेले तर टोकाच्या माणसानं शिट्टीची वाट बघायची नाही."

"बरोबर केलं." मग जाळं पुढे ओढून, "आणि किती ऐकल्या ते विचारते का शेवटी?"

"विचारते. आठ फेऱ्यासुद्धा देते."

तो हसला. मला वाटलं, आता निघावं. चहाचा कप ठेवला, चपला पायात घातल्या. तेवढ्यात तो जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "कर्णिक, मिसळ खाताना तुला माहीत होतं ना? पोरीनं काय लिहून दिलंय ते?"

 महिनोन् महिने मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. त्यानं मला शिव्या घालाव्यात, गचांडी धरावी, ओट्यावरून हाकलून द्यावं. मी म्हणालो, "हो. माहीत होतं."

त्यानं मान हलवली. गाठ सुटली होती, ती बोटानं सरळ केली.

"बरं केलंस न्हाय सांगितलंस ते," तो म्हणाला. "जबाब फोडायचा नसतो."

आणि तो हे अगदी मनापासून म्हणाला.